ढगळ सदऱ्याचा बेतशीर सदरा

तुमच्या घरातल्या खुंटीकडे जरा पाहा. खुंटीला एखादा सदरा असा दिसेल, की तो आता कुणीच घालत नाही. घरधन्याला तो मोठा होतो, मुलाला आवडत नाही. टाकून द्यावा तर कापड अजून धड आहे. असा सदरा वर्षानुवर्षे लोंबत राहतो. मग एक दिवस बोहारीण येते आणि तो तिच्या गाठोड्यात जातो.

या धड्यात आम्ही त्या सदऱ्याचे काय करता येते ते सांगणार आहोत. पण आधी एक गोष्ट सांगतो. ती ऐकली म्हणजे मास्तर असून आम्ही शिंप्याच्या कामात का शिरलो, ते कळेल.

आमचा वर्ग तळोज्याला भरतो. तळोजे म्हणजे पनवेल तालुका, रायगड जिल्हा. जुनी माणसे जिल्ह्याला अजून कुलाबाच म्हणतात. त्याचे नाव १९८१ साली बदलले. पूर्वी इकडे चहूकडे भाताची खाचरे होती. पुढे औद्योगिक वसाहत आली. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई वाढू लागली. १७ नोव्हेंबर २०२३ पासून तर बेलापूरहून पेंधरपर्यंत मेट्रोही धावते. तरी काही घरांनी आपली खाचरे राखली आहेत. पावसाळा लागला की तिथे आवणी होते. त्या वेळी बायका साडीवरून घरातल्या पुरुषाचा लांब बाह्यांचा सदरा चढवतात. महाराष्ट्रात कुठेही जा, शेतावर, खडीवर, बांधकामावर हाच पोशाख दिसेल. यात हसण्यासारखे काही नाही. उन्हाने हात भाजत नाहीत. भाताचे पाते कापते, त्यापासून कातडी वाचते. डासही कमी चावतात. अंगावरचे पोलके चिखलाने खराब होत नाही ते वेगळेच.

खोड एकच आहे. हा सदरा बाईच्या मापाचा नसतो. खांदा दंडावर उतरतो. बाही हाताच्याही पुढे चार बोटे लोंबते. ती वर दुमडली तरी काम करता करता सुटते.

आमच्या वर्गात एक बाई येत. वय चाळिशीच्या आसपास. नवरा कारखान्यात कंत्राटावर कामाला. अंगठा उठवणे सोडून त्या नुकत्याच सही करू लागल्या होत्या. पाटीवर स्वतःचे नाव लिहून झाले की पदराने पुसत, आणि पुन्हा लिहीत. त्या वर्षी दिवाळीनंतर त्या भात भरडायला गिरणीत गेल्या. अंगात नवऱ्याचा सदरा होता. पोते पुढे सरकवताना उजवी बाही सुटली आणि पट्ट्यात गेली. पट्ट्याला जाळी नव्हती. गिरणीवाल्याने झटकन खटका दाबला म्हणून हात राहिला. करंगळी आणि तिच्याशेजारचे बोट मात्र गेले.

दोन महिने त्या वर्गाला आल्या नाहीत. आम्हांला वाटले, आता येणारही नाहीत. एका संध्याकाळी आल्या आणि नेहमीच्या जागी बसल्या. तीन बोटांत पेन्सिल धरून त्यांनी नाव लिहिले. अक्षर वाकडे आले. पुसून पुन्हा लिहिले. मग म्हणाल्या, "गुरुजी, लिवनं जमंल हळूहळू. पन त्या बाहीचं काय करायचं, ते शिकवा. आवणीला पुन्हा तोच सदरा घालायचा हाय."

आम्ही काय उत्तर देणार? चाळीस वर्षे पोरांना हिशेब शिकवला, पण कात्री कधी हातात धरली नाही. घरी येऊन आमच्या मंडळींना विचारले. त्यांचे माहेर शिंपीकाम जाणणारे. त्या म्हणाल्या, "यात हिशेबच आहे सगळा. तुम्ही माप मांडा, मी कापते." तेव्हा या धड्यात जे चुकेल ते आमचे, आणि जे बरोबर असेल ते त्यांचे.

त्या बाईंच्या घरात नवऱ्याचे चार सदरे पडून होते. कंत्राटदार वर्षाला दोन सदरे देई. माप कोण घेतो? हाती येईल तो नंबर द्यायचा. नवऱ्याची अंगलट बारीक, आणि सदरे आले ४४ नंबरचे. सासूबाई म्हणत होत्या, "कापाकापी करू नको गो. बाप्याचा कपडा बायकूनं कापू नये. बोहारणीला दे, डबा तरी येईल." आम्ही सासूबाईंना एवढेच विचारले, "आजी, तुमच्या गोधडीत कुणाकुणाचे कपडे आहेत?" आजी हसल्या. गोधडीत त्यांच्या सासऱ्यांची धोतरे होती, दिराचा सदराही होता. सारे त्यांनीच कापलेले.

खरे पाहता ही गोष्ट नवी नाही आणि कमीपणाचीही नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात कापड मिळेना. तिथे १९४१ च्या जूनपासून कपड्यांवर रेशन आले, ते १९४९ पर्यंत चालले. १९४३ साली तिथल्या सरकारने एक पुस्तिका छापून घरोघर सांगितले, की आहे तेच नीट करा आणि वापरा. पुरुष लढाईवर गेलेले, त्यांचे कपडे कपाटात पडलेले. बायकांनी त्यांतून आपले आणि मुलांचे कपडे बेतले. आपल्याकडेही १९४३ साली कापडावर नियंत्रण आले होते. त्या दिवसांच्या गोष्टी आमचे वडील सांगत. आमच्या स्वतःच्या आठवणीतला काळ म्हणजे १९८२ चा. १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. आमचे एक काका गिरणीत होते. ज्यांच्या हातांनी कापड निघे, त्यांच्याच घरात नवे कापड येईना. काकूंनी काकांचे सदरे उसवून दोन्ही मुलींची पोलकी केली. मुली ती घालून शाळेत गेल्या. त्यांना कुणी हसले असेल तर आम्हांला माहीत नाही. त्या मात्र शिकल्या.

आता कामाला लागू.

पहिली गोष्ट, कापड पाहा. सदरा उजेडासमोर धरा. काखेत आणि पाठीवर कापड विरलेले दिसले तर तो सदरा सोडा, त्याची पुसणी करा. विरलेल्या कापडावर घेतलेली मेहनत एका पावसात जाते. मग कापड सुती आहे की नाही ते बघा. आतल्या शिवणीतला एक दोरा काढून चिमट्याने धरा आणि पेटवा. हे चुलीपाशी करा, कपड्यापासून लांब. सुती दोरा कागदासारखा जळतो, वासही तसाच येतो, आणि मऊ राख उरते. टेरिलीनचा दोरा वितळतो आणि टोकाला टणक मणी होतो. पुष्कळदा दोन्ही मिसळलेले असते, मग थोडी राख आणि थोडा मणी मिळतो. उन्हात घालायला सुती बरे, ते घाम टिपते. टेरिलीन लवकर वाळते, पण आगीशी वाईट. चुलीपुढे बसायचे तर ते नको.

कारखान्यातल्या सदऱ्याबद्दल एक सांगितलेच पाहिजे. तळोज्याला रसायनाचे कारखाने आहेत. सदऱ्यावर रसायनाचे डाग असतील, धुऊनही उग्र वास जात नसेल, तर तो बाईच्याही अंगाला नको आणि बाळाच्या तर नकोच नको. तो धुतानाही घरच्या कपड्यांत मिसळू नका. न वापरलेला किंवा साध्या मळाचाच सदरा घ्या. आमच्या बाईंच्या चार सदऱ्यांपैकी एक असा निघाला. तो बाजूला काढला.

दुसरी गोष्ट, माप. शिंप्याच्या टेपेवर एका बाजूला इंच असतात, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. एक इंच म्हणजे जवळजवळ अडीच सेंटिमीटर. आपण इंच धरू, कारण आपले शिंपी इंचातच बोलतात. ज्यांना १ ते ६० अंक वाचता येतात त्यांना टेप वाचता येते. दोन अंकांमधली मोठी रेघ म्हणजे अर्धा, तिच्या दोन्ही बाजूंच्या मधल्या रेघा म्हणजे पाव आणि पाऊण.

माप घेताना साडी नेसलेली असू द्या, कारण सदरा साडीवरूनच घालायचा आहे. त्या बाईंचे माप आम्ही वहीत असे लिहिले : छाती ३४, खांदा १४॥, बाही २१, मनगट ६. सदऱ्याचे माप निघाले : छातीचा घेर ४८, खांदा १९, कफासह बाही २५.

पाटी घ्या आणि हिशेब करून पाहा. छाती ३४. काम करताना हात वर जातो, वाकावे लागते, आत पदर खोचलेला असतो. म्हणून ६ इंच ढिलाई धरली. ३४ आणि ६ मिळून ४०. सदरा चार पदरी दुमडून कापायचा आहे, म्हणून ४० चे चार भाग केले. एक भाग १० इंचांचा. त्यात शिवणीसाठी अर्धा इंच जास्त ठेवायचा. या जास्त कापडाला शिंपी 'माया' म्हणतात. किती छान शब्द आहे पाहा. माया ठेवली नाही तर शिवण उसवते. म्हणजे १०॥ इंच ठेवायचे. सदऱ्याचा घेर ४८, त्याचा चौथा भाग १२. बारातून साडेदहा गेले, उरले दीड. दीड इंच कापायचे.

खांद्याचेही तसेच. १४॥ चे निम्मे ७। इंच. त्यात अर्धा इंच माया, म्हणजे ७॥।. सदऱ्याचा निम्मा खांदा ९॥. कापायचे पावणेदोन इंच.

हा हिशेब त्या बाईंनी स्वतः मांडला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमला. आमच्या मंडळी म्हणाल्या, "आता कात्री घ्या. कापडावर चुकलं तर परत येत नाही, पाटीवर चुकलं तर येतं."

तिसरी गोष्ट, उसवणे आणि कापणे. दोन्ही बाह्या खांद्यापासून उसवा. शर्टाची शिवण दुहेरी असते, घाई केली तर कापड फाटते. ब्लेडने दोन-तीन टाके सोडून एकेक टाका तोडा, मग दोरा ओढला की तो निघून येतो. ब्लेडची धार नेहमी आपल्यापासून लांब ठेवा. मुलांना जवळ बसू देऊ नका.

बाह्या निघाल्या की सदऱ्याची बटणे लावा. बटणपट्टी बरोबर घडीवर येईल असा सदरा उभा दुमडा. चारही पदर एकमेकांवर नीट बसले पाहिजेत. सुरकुत्या हाताने पुसून काढा. मधोमध चार टाचण्या लावा. आता घडीपासून मोजत जा. खांद्यावर ७॥। इंचांवर खडूची खूण करा. काखेच्या पातळीवर १०॥ इंचांवर दुसरी खूण करा. पहिलीपासून दुसरीपर्यंत गोलाई काढायची, तिला मुंढा म्हणतात. ही गोलाई जुन्या मुंढ्यासारखीच काढा, फक्त ती आत सरकलेली असेल.

इथे पुष्कळजणी चुकतात. मुंढा फार खोल वाटतो, म्हणून तो वर घ्यायला जातात. तो वर येत नाही. तिथे कापडच नसते, जुन्या मुंढ्यात ते आधीच कापले गेलेले असते. म्हणून मुंढ्याचा तळ आहे त्याच पातळीवर राहू द्या. कामाच्या सदऱ्याला थोडा खोल मुंढा चालतो, हात मोकळा फिरतो.

काखेपासून कमरेपर्यंत दीड इंच कापत या. कमरेच्या खाली मात्र हळूहळू बाहेर जा आणि खालच्या टोकाला काहीच कापू नका. पुरुषाचा सदरा सरळ असतो. बाईच्या निऱ्या खाली फुगतात. सरळ कापत गेलात तर सदरा निऱ्यांवर अडकेल आणि बटणे तुटतील.

आधी कडा कच्च्या टाक्यांनी जोडा. अंगात घालून बघा. वाका, दोन्ही हात वर करा, खाली बसा. कुठे ओढले नाही ना? मग पक्की टीप मारा. मशीन नसेल तर हाताने उलट टीप घाला, म्हणजे सुई प्रत्येक वेळी थोडी मागे नेऊन पुढे काढायची. साधा धावदोरा कामाच्या कपड्याला पुरत नाही.

आता बाही. ज्या बाहीने बोटे नेली ती बाही. तिच्यावर जरा थांबू.

बाही २५ इंच आहे. तिच्या टोकाला कफ आहे, तो २॥ इंचांचा. कफ उसवून काढला की राहते २२॥. टोक दीड इंच आत दुमडले की राहते २१. बाईंचे मापही २१ च! दर वेळी असे जुळेलच असे नाही. नाही जुळले तर कापून जुळवा. कफाजवळ बाहीला एक लांब फट असते, ती आतून टीप मारून बंद करा. कोपरापासून मनगटापर्यंत बाही निमुळती करा. हात मुठीसकट आत जाईल एवढी जागा ठेवा. मग दुमडलेल्या टोकाला टीप मारा, पण शेवटचा एक इंच उघडा ठेवा. त्या बोगद्यातून चपटे इलॅस्टिक ओवायचे. मनगट ६ इंच, म्हणून इलॅस्टिक ६॥ इंच घ्या. अर्धा इंच एकावर एक ठेवून शिवला की ६ राहते. त्याहून आवळू नका, हात बधिर होतो. उघडा ठेवलेला इंच मग बंद करा.

बाही मुंढ्याला जोडण्यापूर्वी दोन्हींचा घेर टेप कडेवर उभी धरून मोजा. बाहीचा घेर इंचभर जास्त निघाला तर तो काखेकडच्या शिवणीत आत घ्या. खांद्यावर चुण्या पाडून लपवू नका. उजवी बाही उजव्या मुंढ्याला आली आहे ना, ते दोनदा पाहा. आम्ही पहिल्या वेळी उलटी लावली, आणि आमच्या मंडळींनी ती मुकाट्याने उसवली.

सदरा कितीही बेतशीर झाला तरी चालत्या पट्ट्याजवळ हात न्यायचा नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात यंत्राचे हलते भाग झाकावेत असे लिहिले होते, आणि चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्या माणसाचे कपडे अंगाला घट्ट असावेत असेही लिहिले होते. गावच्या गिरणीत कायदा पोहोचो न पोहोचो, पट्ट्याला जाळी लावा असे गिरणीवाल्याला चारजणींनी मिळून सांगावे. एकटीचे तो ऐकत नाही. पदर आत खोचा, वेणी सदऱ्याच्या आत घ्या.

कॉलरचे दोन प्रकार करता येतात. कॉलर झिजली असेल तर वरचे पान उसवून उलटे करून पुन्हा लावा, झिजलेली बाजू खाली जाते. जुने शिंपी हे काम नेहमी करत. नाहीतर पान काढूनच टाका आणि नुसती उभी पट्टी ठेवा. मानेला उकडत नाही. बटणांची बाजू बदलण्याच्या भानगडीत पडू नका. पुरुषांच्या सदऱ्यात बटणे उजव्या अंगाला आणि काजे डाव्या अंगाला असतात, बायकांच्या कपड्यात उलट. दोन दिवसांत हाताला सवय होते.

खिसा मात्र काढू नका. आम्ही तो काढायला निघालो होतो. वर्गातल्या साऱ्या बायका एकदम ओरडल्या. बायकांच्या कपड्याला खिसा कोण ठेवतो? पैसे कनवटीला नाहीतर पोलक्यात. घामाने नोटा भिजतात. छातीवरचा खिसा बाईला हवा असतो हे आम्हांला साठी उलटल्यावर कळले. आमच्या मंडळींनी त्या खिशाला वरून झाकण शिवून दिले.

ज्यांना शेतात जायचे नाही त्यांनी याच रीतीने साधे पोलके बेतावे. ढिलाई ६ ऐवजी ३ इंच धरा, बाही कोपरापर्यंत ठेवा. अंगावर पिणारे मूल असेल तर समोरच्या बटणांची फार सोय होते. कापून उरलेल्या बाह्यांची टोपडी आणि कफांची सुई-दोऱ्याची घडी करता येते. बारीक चिंध्या गोधडीला.

बाईंचा पहिला सदरा व्हायला अकरा संध्याकाळी लागल्या. दुसरा पाच संध्याकाळींत झाला. आवणीला त्या तो घालून गेल्या. खिशात छोटी वही आणि पेन्सिल. मजुरीचे दिवस त्या आता स्वतः मांडतात. पावसाने वही भिजते म्हणून ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतात.

तिसरा सदरा शिवत त्या ओट्यावर बसल्या होत्या, तेव्हा बोहारीण आली. टोपली उतरवून म्हणाली, "कपडे काढून ठेव म्हटलं होतं ना मागं?" बाईंनी हातातला सदरा दाखवला. बोहारणीने तो उलटा केला, शिवण पाहिली, इलॅस्टिक ओढून पाहिले. तिच्याही अंगात साडीवर पुरुषाचा सदरा होता, बाह्या कोपरावर दुमडलेल्या. भांडी डोक्यावर चढवताना उतरवताना त्या सुटत होत्या. ती म्हणाली, "ताई, मला एक असा बेतून दे. कपडा माझ्या गाठोड्यातला घे. वर एक वाटी देते."

बाईंनी आतून टेप आणली. खिशातली वही काढली. तीन बोटांत पेन्सिल धरून लिहिले : छाती ३६, खांदा १५, बाही २०॥.